पाचवी चिठ्ठी

मतदानाआधी अध्यक्षांनी चहापुरती सुट्टी दिली आणि जो तो डॉक्टरबाईंना बाजूला घेऊ लागला.

खजिनदारांनी त्यांना बेसिनपाशी गाठलं. नळ पूर्ण सोडला, म्हणजे बोलणं बाहेर जायला नको.

"तुमचं शंभर टक्के खरं आहे. पूल काही होत नाही. माझं मत तुम्हालाच. मघाशी बैठकीत बोललो ते मनावर घेऊ नका."

मघाशी बैठकीत त्यांनी डॉक्टरबाईंना पक्षाला लागलेली वाळवी म्हटलं होतं.

नदीवर पूल बांधू, या एका आश्वासनावर पक्ष वर्षानुवर्षं निवडून येत होता. कार्यालयातल्या फोटोत कैलासवासी संस्थापक पुलाच्या नियोजित जागेकडे बोट दाखवत उभे होते. डॉक्टरबाई गुरांच्या डॉक्टर. दोन्ही काठांवरचे गोठे त्यांना ओळखत, म्हणून पक्षाने त्यांना बाहेरून आणून उमेदवारी दिली. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "पूल होणार नाही. तळाशी नुसता गाळ आहे, हे पक्षालाही ठाऊक आहे. लोकांना खरं सांगू आणि आहेत त्या बोटी धड करू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पक्षाला ते जास्त लागलं.

आता निवड समितीपुढे एकच प्रश्न होता, उमेदवाराला ठेवावं की काढावं. समिती पाच जणांची, आणि त्यात डॉक्टरबाईही होत्या. नव्या चेहऱ्यांना संधी, असं पत्रकात छापायचं होतं म्हणून त्यांना घेतलं होतं. नंतर काढायचं राहून गेलं.

जिन्यात युवा नेते भेटले. पन्नाशी उलटली तरी पद सोडवत नव्हतं. "ताई, मी तुमच्याबरोबर. फक्त कुणाला सांगू नका."

महिला आघाडीच्या मावशींनी चहाच्या कपाआडून तेच सांगितलं. "माझा भाऊ त्याच मोडक्या बोटीने नदी ओलांडतो गं. तुला नाही देणार तर कुणाला?"

शेवटी अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. "तू मला लेकीसारखी. काळजी करू नकोस." पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे जावई इस्त्रीचे कपडे घालून खाली गाडीत बसले होते.

डॉक्टरबाईंना एका जागी बसवेना. त्या व्हरांड्यात आल्या. तिथल्या बाकावर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. तो त्या नदीवर बोट चालवायचा. गेल्या वर्षी पुराच्या पाण्यात त्याचं इंजिन बंद पडलं, बोट कलंडली आणि एक म्हातारी शेवटपर्यंत सापडली नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी बोट सोडताना आधी इंजिनाला शिव्या घालायचा आणि मग हात जोडायचा.

"काय म्हणतायत?"

"चौघंही म्हणतात, मत तुलाच."

"चौघंही? मग संपलं." त्याने मान हलवली. "एखादा तोंडावर नाही म्हणाला असता तर मला आशा वाटली असती."

"माझं एक तरी आहेच की."

"तेच नको, ताई. चार विरुद्ध एक झालं तर ते एक कुणाचं, हे कुणी सांगायला नको. उद्या चौकात हसतील, बाईंना बाईंचंच मत. हसं झालेल्या माणसामागे कोणी येत नाही. सगळ्यांनी मिळून हाकललं तर लोक चिडतील. चिडलेल्या लोकांच्या जोरावर अपक्ष उभं राहता येतं."

"आणि चुकून कुणी शब्द पाळला तर?"

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "तुला बोटी हव्यात की मोठेपणा?"

आत घंटी वाजली.

चौघांनी आपापल्या चिठ्ठ्या हाताआड लपवून लिहिल्या. डॉक्टरबाईंनी मांडीवरच चिठ्ठी खरडली, घडी घातली आणि डब्यात टाकली.

अध्यक्ष एकेक चिठ्ठी उघडू लागले.

"काढावं."

मावशींनी डॉक्टरबाईंकडे कळवळून पाहिलं.

"ठेवावं."

डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"काढावं." आणि मग, जरा खाकरून, "ठेवावं."

खजिनदार मावशींकडे बघत होते, मावशी युवा नेत्यांकडे. आपल्याशिवाय आणखी कुणी शब्द पाळला, याचं दोघांना आश्चर्य वाटत होतं. ते दोघं कोण, हे उरलेले दोघं शोधत होते.

अध्यक्षांनी पाचवी चिठ्ठी उघडली. चष्मा पुसला. चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली.

"हे काय लिहिलंय?"

चिठ्ठी फिरली. खजिनदारांना अक्षर लागेना. मावशी म्हणाल्या, "मला तर हा किडा वाटतोय." सगळ्यांनी युवा नेत्यांकडे पाहिलं. त्यांचं अक्षर पक्षात बदनाम होतं. त्यांनी कानावर हात ठेवले.

"कुणाचं आहे ते विचारायचं नाही. मतदान गुप्त आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुन्हा घेऊ या का?"

"पुन्हा नको," खजिनदार आणि मावशी एकदमच म्हणाले. पुन्हा तेवढं धैर्य होईल, याची दोघांना खात्री नव्हती.

"डॉक्टरबाईंना द्या," युवा नेते म्हणाले. "असली अक्षरं वाचायची त्यांना सवय असेल."

"अहो, प्रश्न त्यांच्याच उमेदवारीचा आहे."

"असू दे की. त्यांना खोटं बोलता येत नाही. आपली तक्रार तरी दुसरी काय आहे?"

चिठ्ठी टेबलावरून सरकत डॉक्टरबाईंपुढे आली. दाराच्या फटीतून भावाचा चेहरा दिसत होता.

स्वतःच्याच हाताने 'काढावं' असं लिहिलेली ती चिठ्ठी डॉक्टरबाईंनी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "ठेवावं."