मिस व्हिटफील्डची पत्त्यांची वही

खोका टेबलावर आला तेव्हा लताबाईंनी आधी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"आजी, रिलॅक्स," अनिका हळूच म्हणाली. "जुने कागद आहेत फक्त."

न्यूयॉर्कमधलं हे संशोधन-ग्रंथालय कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती जपणारं. शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ भिंग घेऊन चर्चच्या जुन्या नोंदींत आपल्या पणजोबांचं नाव शोधत होते. अनिका कॉलेजच्या पेपरसाठी महिनाभर इथे येत होती. एकदा सहज तिनं कॅटलॉगमध्ये 'नागपूर' टाकून पाहिलं, आणि ओडेसा व्हिटफील्ड नावाच्या एका कृष्णवर्णीय नर्सचे कागद समोर आले. तिनं तिथूनच जवळच्या वेस्ट विंडसर गावी घरी फोन लावला. "आजी, तुझी ती अमेरिकन मिस होती ना, तिचं नाव काय होतं?"

तेव्हापासून दोन दिवस लताबाईंना अन्न गोड लागलं नव्हतं.

मिसनं नागपूरच्या हॉस्पिटलात त्यांच्या नर्सिंगच्या बॅचला दोन वर्षं शिकवलं होतं. तिला मराठी तीनच गोष्टी यायच्या: 'दुखतंय का', 'कुठे' आणि 'बसा'. तेवढ्यावर ती अख्खा वॉर्ड चालवायची. लता पास झाली, सहा महिन्यांत लग्न झालं आणि नोकरी सुटली. मिस अमेरिकेला परत गेली. तिचं कार्ड मात्र दर नाताळात यायचं. नवऱ्याची बदली वर्ध्याला झाली, तर कार्ड वर्ध्याला आलं. यवतमाळला झाली, तर यवतमाळला. लताबाईंनी एकाचंही उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं होतं? तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी सोडून दिलं, असं?

ग्रंथालयाच्या ग्लोरियाबाईंनी खोक्यातून एक छोटी लाल वही काढली आणि मऊ उशीवर ठेवली. साठीच्या असतील. तान्ह्या बाळाला ठेवावं तशी त्यांनी ती वही ठेवली.

"पत्त्यांची वही आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मिस व्हिटफील्डनं तुमच्या बॅचच्या मुलींना आडनावानं नाही, नावानं लावलंय."

"तू वाच," लताबाईंनी अनिकाला सांगितलं. "माझ्यानं नाही होणार."

अनिकानं 'एल'चं पान उघडलं. लताच्या नावाखाली चार पत्ते होते. तीन खोडलेले, चौथा तसाच. प्रत्येकासमोर बारीक अक्षरात एकच शेरा: अहिल्याकडून.

"अहिल्या!" लताबाईंचा आवाज जरा चढला. भिंगवाल्या गृहस्थांनी वर पाहिलं. "माझी रूममेट गं. दोन वर्षं झाली तिला जाऊन. शेवटपर्यंत फोनवर बोलायची, पण हे कधी बोलली नाही. चोरटी कुठली!"

"आजी, अजून आहे खाली." अनिका अडखळत इंग्रजीचं मराठी करू लागली. "इथे लिहिलंय, 'हात हलका. पेशंटला सुई कळतसुद्धा नाही.' मग वेगळी शाई आहे. सेव्हंटी-फाइव्ह. 'सासूला पॅरॅलिसिस. लता घरीच तिचं सगळं करते. अहिल्या लिहिते, तीन वर्षं झाली, अंथरुणाला खिळूनही पाठीवर एक जखम नाही.'"

लताबाई वहीकडे झुकल्या.

"आणि लास्ट लाइन." अनिकानं तिच्याशी बोट नेलं. "'माझी सगळ्यात चांगली नर्स यवतमाळला ड्यूटीवर आहे.'"



"नऊ वर्षं," लताबाई म्हणाल्या. ड्यूटी बदलताना रिपोर्ट द्यावा तशा ताठ बसून म्हणाल्या. "तीन नाही, नऊ. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सासूबाई गेल्या तेव्हाही पाठ स्वच्छ होती. एक ओरखडा नव्हता."

अनिकाला हे ठाऊक नव्हतं. तिच्या बाबांनाही बहुधा नसावं. आजी घरीच असायची, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. तिनं ग्लोरियाबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं.

ग्लोरियाबाई खुर्ची ओढून लताबाईंच्या शेजारी बसल्या. "माझी आई नर्स होती," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं पाठ स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको."

लताबाईंना हे समजायला अनिका लागली नाही. त्यांनी ग्लोरियाबाईंचा हात हातात घेतला आणि सवयीनं बोटं नाडीवर गेली. ग्लोरियाबाईंनी हात तसाच राहू दिला.

"मिस व्हिटफील्डला ओळखणारे आता फार उरले नाहीत," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "तुम्ही काही लिहून दिलंत, तर तेही इथेच, तिच्या कागदांबरोबर ठेवू."

"मराठीत चालेल का, विचार गं."

"चालेल," उत्तर आलं. "वाचणारं कुणीतरी मिळेल आम्हाला."

"आय कॅन रीड इट," अनिका म्हणाली. मग आजीकडे बघून तिनं दुरुस्ती केली, "म्हणजे, शिकेन."

ग्लोरियाबाईंनी कोरा कागद आणि पेन्सिल आणून दिली. लताबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि कागदावर वर उजवीकडे तारीख घातली. डोळे मात्र अजून त्या लाल वहीवरच होते.

मग त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: 'मिस, तुमची कार्डं मिळाली. सगळी.'

एवढं झाल्यावर त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि नीट बसल्या.