दोनशे तास

"आता तानपुरा ऐका," हमीदभाई डोळे मिटून म्हणाले. "किती मागे सरकलाय. बाईंच्या गळ्यापासून अगदी वेगळा."

विश्रांतवाडीतल्या वैजनाथरावांच्या बाहेरच्या खोलीत तीन म्हातारे गाण्याची तबकडी लावून अँप्लिफायरसमोर बसले होते. नवी पॉवर केबल दोनशे तास विजेवर मुरली की मगच आवाज खुलतो, असं हमीदभाईंचं ठाम मत. म्हणून मनगटाएवढी जाड ती केबल गेले नऊ दिवस घरून काम करणाऱ्या सुनेच्या, अपेक्षाच्या, कॉम्प्युटरला रात्रंदिवस लावलेली होती. गुरुवारी दिवे गेले, तेवढा वेळ हमीदभाईंनी वजा करायला लावला होता. आज सकाळी तास भरले. वैजनाथरावांना कमरेमुळे वाकता येत नसे, म्हणून केबल अँप्लिफायरच्या मागे लावायचं काम त्यांनी अपेक्षाला सांगितलं होतं.

ज्ञानदेव वीज मंडळातून निवृत्त झालेले. "वीज येते दोनशे किलोमीटर तारेतून, आणि हे शेवटचे पाच फूट लोणच्यासारखे मुरवणार," असं ते नऊ दिवस म्हणत होते. आता मात्र त्यांचीही मान डोलत होती.

"कबूल करायला जिवावर येतंय," ते म्हणाले, "पण फरक आहे."

वैजनाथरावांना फरक ऐकू आला नाही. तानपुरा होता तिथेच होता. हमीदभाईंचं सोडा, त्यांना केबल खोक्यातून काढतानाच फरक कळतो. पण ज्ञानदेवांनाही कळला? वैजनाथरावांच्या थोरल्या भावाचे कान याच वयात गेले होते. आणि गाण्यावाचून त्यांच्या दिवसात दुसरं होतं काय?

"तुम्हाला कसं वाटतंय?" हमीदभाईंनी विचारलं.

"खुललाय की," वैजनाथराव म्हणाले.

चहा घेऊन दोघं गेले. पत्नी ललिताबाई कपबश्या उचलायला आल्या, तर वैजनाथराव तसेच बसलेले.

"माझे कान गेले गं," ते म्हणाले.

"काहीतरीच. आत्ता मी स्वयंपाकघरात पुटपुटले तेही ऐकलंत."

"त्या दोघांना ऐकू आलं. मला नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून अपेक्षा आली. "बाबा, सॉरी हं. सकाळपासून मीटिंगवर मीटिंग, कॉम्प्युटर बंदच करता आला नाही. तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे. आता बदलून देऊ?"

वैजनाथरावांनी अँप्लिफायरकडे बोट दाखवलं.

"म्हणजे इथे जुनीच आहे?"

"जुनीच."

त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ललिताबाईंना काही उमगेना, पण बरं वाटलं.

फोन वाजला. ज्ञानदेव होते.

"वैजनाथ, हमीदला सांगू नकोस. मला कसलाही फरक ऐकू आला नाही. तो इतका रंगला होता, की लाजेखातर हो म्हणालो. मग तूही म्हणालास. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जातोय. सोबत येशील?"

"डॉक्टर कशाला? तुझे कान ठणठणीत आहेत."

"तुला काय ठाऊक?"

"माझेही आहेत म्हणून. परत ये, चहा टाकायला सांगतो."

फोन ठेवून वैजनाथरावांनी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. तानपुरा होता तिथेच होता.