कप्तानांचा बिगूल

"काका, युद्ध संपून जमाना झाला!" शेजारचा जुळारी पायजम्याची नाडी सावरत खिडकीखालून ओरडला. "आता तरी शत्रूला झोपू द्या!"

वरच्या खिडकीत कप्तान उभे होते. अंगात जुना लष्करी कोट, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"हुकूम आहे," ते म्हणाले. "मोडता येत नाही."

"कुणाचा हुकूम? युद्ध संपलं म्हटलं ना!"

"तुझं संपलं असेल," कप्तान म्हणाले आणि खिडकी लागली.

जुळारी छापखान्यात रात्रपाळी करायचा. रात्रभर अक्षरांचे खिळे जुळवून पहाटे अंथरुणाला पाठ टेकावी, की शेजारच्या गच्चीवर बिगूल वाजलाच म्हणून समजा. तोही असा की मेलेला उठून रांगेत उभा राहावा. बिचाऱ्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं, फक्त सलग झोप.

कप्तान खरं तर साधे शिपाई; बढती गल्लीनं परस्पर दिलेली. पण शौर्यपदक अस्सल होतं. छातीत गोळी घेऊन त्यांनी दोन जखमींना ओढत आणलं होतं. तेव्हापासून चार पायऱ्या चढायच्या तरी मध्येच टेकायचे. चहावर फुंकरसुद्धा काकूच मारायच्या. लाड बघा म्हाताऱ्याचे, असं जुळारी मनात म्हणायचा.

काकूंची मात्र त्याला फार दया यायची.

"काकू, तुम्ही कसं हो सोसता?"

"सवय झाली रे," काकू हसून म्हणायच्या आणि भाजी निवडायला लागायच्या.

मग कप्तानांनी अंथरूण धरलं. जुळारी भेटायला गेला, तेव्हा त्यांनी उशीखालची पत्र्याची डबी त्याच्या हातात कोंबली. आत कापसाचे बोळे.

"ठेव," ते धापा टाकत म्हणाले. "माझं काम झालं. आता तुला लागेल."

जुळारी चरकला. कापूस? मेल्यावर नाकात घालतात तो? जाता जाताही थेरडा माझं वाईट चिंततोय! त्यानं तणतणत डबी कोटाच्या खिशात टाकली.

त्याच आठवड्यात कप्तान गेले. सगळी गल्ली रडली. जुळारीही रडला, आणि अगदी मनापासून रडला. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो तो आपलाच माणूस की. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जो झोपला, तो थेट दुपारी उठला. रोज तसंच. स्वर्गसुख!

"अहो, तोंडावर तेज आलंय तुमच्या," बायको म्हणाली. "काकूंना भेटायला जाताना जरा उतरलेलं ठेवा."

तो चेहरा पाडून गेला. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर बिगूल, पुसून पुसून लख्ख केलेला. तो तोंडाला आलं ते बोलून गेला.

"काकू, बिगूल नाही तर सकाळ झाल्यासारखीच वाटत नाही हो."

काकूंनी डोळे पुसले. "खरंच?"

"गळ्याशपथ!"

दुसऱ्या दिवशी पहाटे बिगूल वाजला.

जुळारी ताडकन उठला. कोट अंगावर ओढला आणि देवाचं नाव घेत शेजारच्या गच्चीवर पोचला. काकू उभ्या होत्या. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, ओठांना बिगूल. शेवटचा सूर चांगला लांबवून त्यांनी तो खाली घेतला. धाप कसली ती लागलेली नव्हती.

"तू म्हणालास म्हणून रे," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे गेल्यावर मी सोडूनच दिलं होतं. छातीमुळं यांना वाजवता येईना, म्हणून लग्नानंतर मला शिकवलं. मग जन्मभर हात जोडत राहिले, 'अगं, लोकांना झोपू दे.' मी कसली ऐकते! पण शिव्या सगळ्या स्वतः खाल्ल्या हो. माझं नाव कधी घेतलं नाही." त्यांनी पदरानं बिगुलाचं तोंड पुसलं. "बैस ना. न्याहारीच्या वेळचं आणखी एक वाजवता येतं मला. ते यांनी कधी वाजवूच दिलं नाही."

जुळाऱ्यानं कोटाच्या खिशातली डबी काढली.