गंजलेले इंजिन

पंचनाम्याचे म्हणणे असे, की तांड्यावरच्या शकुंतलेला कुरुंद्याच्या शिवारात जंगली जनावराने फरफटत नेऊन मारले. जमीनदार तातेरावांची फटफटी त्या दिवशी रस्त्यावर नव्हतीच. गंजलेल्या इंजिनाला ते घरीच रंग देत बसले होते. निजामी राज्यात, १९४६ साली, एवढे सत्य पुरेसे होते. उणा होता तो फक्त शकुंतलेच्या आईचा, जिवनबाईचा, अंगठा. तो उमटला की प्रकरण मिटणार होते.

तातेरावांच्या ओसरीवर शाईची डबी पुढे आली, तेव्हा जिवनबाई फटफटीपाशी बसली होती. इंजिनाच्या पातळ पात्यांवर, अगदी मधल्या फटींत, काळा रंग थापला होता. तिने नखाने एक पोपडा उचलला. खाली ॲल्युमिनियम लखलखत होते. तांड्यावर त्याला जर्मन म्हणत.

"साहेब, हे तर जर्मन हाय," ती पंचनामा घेऊन आलेल्या पोलीस अमीनाला म्हणाली. "माझं जर्मनचं पातेलं बारा वरसं पान्यात हाय. कवा गंजलं न्हाई."

हे रसायनशास्त्र पंचनामा लिहिणाऱ्यांच्या वाचनात आलेले नव्हते. अमीनाने लेखणी खाली ठेवली.

"बाई बराबर बोलून राहिली, तातेराव. गंज नव्हता, तर रंग काहून दिला?"

तातेराव बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.



"तुमच्यापासून काय लपवायचं, साहेब? तीनदा घासलेटानं धुतलं, तरी इंजिन तापलं की केस जळल्याचा वास येऊन राहिला व्हता."