निळ्या मण्याचा गोफ

शाळेवरून पहिला करकोचा उडाला आणि सातवीचा अख्खा वर्ग फुललेल्या प्लमच्या झाडाकडे धावला. आमच्याकडची रीतच तशी: पहिला करकोचा दिसला की एक मार्चला दोस्तांनी दिलेले लाल-पांढरे गोफ मनगटावरून काढून फांदीला बांधायचे. नेवेनाची डावी बाही मात्र तीन आठवडे खालीच होती.

"वर कर," मी म्हणाले.

"चिडशील तू."

"कर म्हणते ना!"

आत निळ्या मण्याचा गोफ होता.

"यासेनने दिलाय. स्वतः विणलाय म्हणाला. तुला तो आवडतो, म्हणून लपवला गं..."

मण्यामागची सरकगाठ तिला काही सुटेना. मी एका झटक्यात सोडवली.

"तुला कशी जमली?"

तो गोफ यासेनच्या दप्तरात गुपचूप टाकण्याआधी ती गाठ मीच मारली होती.