खिडकीकडचे दोन पाय

टेबल जमिनीला टेकलं आणि त्यावर ठेवलेली पेन्सिल घरंगळत खाली पडली.

नवऱ्याने ती उचलून परत वर ठेवली. परत पडली.

"फरशी उतरती बसवलीये," तो म्हणाला. "भाडं सांगताना जीभ अडखळत नाही या घरमालकाची, आणि फरशी धड नाही."

हत्यारांच्या पिशवीतून पाणसळ काढून तिने फरशीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. चारही कोपऱ्यांत तिने ठेवून पाहिली. बुडबुडा जागचा हलायला तयार नव्हता.

"फरशी सरळ आहे. टेबल तिरकं आहे."

"असं कसं? तूच केलंयस ना?"

"म्हणूनच."

मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. जुन्या घराची लाकडी जमीन खिडकीच्या बाजूला खचलेली होती. ती सुतारकाम करायची. त्या दीड खोलीत आल्यावर तिने हे टेबल केलं आणि त्याचे खिडकीकडचे दोन पाय दोन बोटं लांब ठेवले. मग पलंगाचे. मग कपाटाचे. तिथे सांडलेलं पाणी, हातातून सुटलेला वाटाणा, सगळं खिडकीखाली जाऊन थांबायचं. फक्त तिने केलेल्या वस्तू सरळ उभ्या असायच्या. त्या इतकी वर्षं सरळ उभ्या होत्या, की घर तिरकं आहे हे दोघंही विसरून गेले होते.

"घर बघायचं म्हणजे नुसत्या भिंती बघून कळत नाही, काहीतरी मांडून बघू," हा तिचाच हट्ट. म्हणून टेम्पो करून टेबल आणलं. किल्ली संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे होती. तोवर हो किंवा नाही सांगायचं होतं.

"काप की मग ते लांब पाय," सासूबाई म्हणाल्या. त्या सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. "माझ्या लेकाचं बोलणं मधेच कापतेस, तेव्हा नाही इतका विचार करत."

"आई, तू मधे पडू नकोस," नवरा म्हणाला. "खाली दोन फळकुटं सरकवू. आहे काय त्यात?"

"ठिगळ लावलेलं टेबल मी गिऱ्हाइकाला देत नाही. स्वतःच्या घरात ठेवू?"

"मग काप."

"कापलं की तिकडे नाही चालणार."

"तिकडे कशाला चालायला हवंय आता?" तो बोलून गेला आणि तिच्याकडे न बघता खिडकी उघडायला गेला. खिडकी एका बोटाने उघडली. तिकडची उचलून, खांदा लावून उघडावी लागायची.

ती उठली. एका खोलीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत. तिसरी खोली तिच्या हत्यारांसाठी, असं नवरा सकाळपासून तीनदा म्हणाला होता. तिने गुण्या काढून भिंतीच्या कोपऱ्याला लावला. काटकोन. पुढच्या कोपऱ्यात लावला. काटकोन. इथे दुकानातून आणलेलं कुठलंही कपाट बसलं असतं. हत्यारांना जागा मिळाली असती. पण त्या हत्यारांनी करायचं काय, ते तिला सुचेना. ती परत बाहेर आली, परत आत गेली.

चौथी खोली सासूबाईंची. जुन्या घराचा जिना त्यांना चढवत नव्हता. थोरल्या मुलाकडे त्या हॉलमध्ये झोपायच्या. कुणी यायच्या आत उठून अंथरूण गुंडाळायच्या. सकाळी इथे आल्या आल्या त्यांनी त्या खोलीचं दार आतून लावून पाहिलं होतं. उघडलं होतं. परत लावलं होतं. बाहेरून तिने कडीचा आवाज दोन्ही वेळा ऐकला होता.

नवऱ्याचा फोन वाजला. "हो, हो, इथेच आहोत," तो म्हणाला आणि फोनवर हात ठेवून वळला. "मालक. दुसरे लोक बघायला आलेत, खाली थांबलेत. काय सांगू?"

तिने टेबल उलटं केलं. चार पाय वर. लांब असलेल्या दोन्ही पायांवर तिने पेन्सिलीने खूण केली, करवत घेतली आणि पहिल्या पायाला लावली. लाकूड जुनं, चांगलं मुरलेलं. करवत सावकाश उतरत गेली. तुकडा फरशीवर पडला आणि रिकाम्या घरात त्याचा आवाज घुमला.

करवत दुसऱ्या पायाच्या खुणेवर टेकली. तिथेच राहिली. आता हे टेबल इकडेही उभं राहिलं नसतं आणि तिकडेही.

"अगं, काय सांगू?"

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग गुडघ्यावर हात देऊन त्या स्टुलावरून उठल्या, वाकल्या, फरशीवरचा तुकडा उचलून त्यांनी पदराने पुसला. तो फिरवून, रेषा जुळवून, त्यांनी कापलेल्या पायाच्या टोकावर परत ठेवला आणि हळूच हात काढून घेतला. तुकडा पडला नाही.

फोनमधून मालकाचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

"असा राहील का गं?" सासूबाईंनी विचारलं.