लाल गोळ्यामागे

मुलांनो, कल्पना करा, तुमची आई नदीचा वेग मोजते. रोज लाल लाकडी गोळा पाण्यात सोडते आणि शंभर पावलांवर जाळीने उचलते. अशाच एका आईला लेकीने विचारलं, “उचललाच नाही तर?” म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघी पहाटे गोळ्यामागे काठाकाठाने निघाल्या. कारखाने, बागा, अकरा पूल मागे पडले. लेकीचे पाय भरून आले. “सोड नाद, बसने घरी जाऊ,” आई म्हणाली. “गोळा कुठे बसने जातोय?” लेक फणकारली. संध्याकाळी गोळा पायऱ्यांजवळच्या गवतात अडकला. “उचल, राणी. कपाटावर ठेवू.” लेक वाकली आणि थबकली. पुढे नदीला पलीकडचा काठच नव्हता. पाणी थेट आभाळाला टेकलं होतं. “एवढं सगळं आपल्याच नदीचं?” वीस वर्षं नदी मोजणारी आई पायरीवर बसली. मग लेकीने गवत बाजूला केलं आणि गोळा पुढे ढकलला.